भानावर

पुंडलिकरावांनी सलाईनची नळी मुठीत धरून ओढली, तशी मैनाबाईनं वाकून त्यांचं मनगट दोन्ही हातांनी दाबून धरलं. त्यांच्या अंगात त्राण नव्हतं, पोटावर वरपासून खालपर्यंत टाके होते, तरी हाताला जोर होता. पलंगाची लोखंडी कड करकरली. शेजारच्या पेशंटची बायको मदतीला उठली.

"सोड वं मैना," पुंडलिकराव म्हणाले. "हात दुखते माया."

मैनाबाईनं हात सोडला. नळी निसटली, चादरीवर रक्ताचा ठिपका पडला, नर्स ओरडत आली, आणि मैनाबाई तशीच उभी राहिली. सहा वर्षांत नवऱ्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. नाव सोडाच, तिच्याकडे तोंड करून एक शब्द टाकला नव्हता.

नर्सनं दुसऱ्या हाताला सुई लावली, वर बँडेजची पट्टी गुंडाळली. पुंडलिकराव छताकडे पाहत होते. मग त्यांनी मान वळवली.

"नयन नाही आला? कवापासून वाट पाहून राह्यलो."

"येते," मैनाबाई म्हणाली. तोंडातून निघून गेलं. "येईनच आता."

मग ती वऱ्हांड्यातल्या नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. मागे बादली घेऊन उभी असलेली बाई कंटाळून दुसऱ्या नळावर निघून गेली.

पुंडलिकराव आर्णीजवळच्या खेड्यातले शेतकरी. कापूस, तूर, विहिरीखाली थोडा हरभरा. माणूस कष्टाचा आणि बोलका. सहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते तापानं फणफणले होते. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि विजेची लाईन पहाटे यायची. पुंडलिकराव स्वतःच जाणार होते. तसं सांगून झोपले होते. पहाटे मैनाबाईनं त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि त्यांना उठवण्याऐवजी पलीकडच्या खोलीत जाऊन पोराला उठवलं. नयन तोंडसुद्धा न धुता गेला. दव पडलेलं होतं, हात ओले होते. विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीपाशीच तो मैनाबाईला सापडला, शॉक लागून गेलेला.

पोराला पोचवून आल्यावर पुंडलिकरावांनी बायकोला एकच विचारलं होतं.

"मले काहून नाही उठवलं?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. भांडण नाही, शिवी नाही, अंगावर हात टाकणं तर कधीच नव्हतं. फक्त बोलणं बंद. काही हवं असलं की भिंतीकडे पाहून म्हणायचे, "पाणी." कळंबला दिलेल्या पोरीचा, प्रेरणाचा, फोन आला की तिला सांगायचे, "तुह्या आईले सांग, उद्या वेचणीले बाया सांगतल्या." आई तिथंच चुलीपाशी बसलेली असायची. सुरुवातीला मैनाबाई रडली. मग तिनं सवय करून घेतली.

आणि यंदा दसऱ्यानंतर त्यांच्या पोटात कळ उठली. आतड्याला पीळ पडला होता. यवतमाळला नेईपर्यंत आतड्याचा तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. आत पू झाला, जडजड इंजेक्शनं चालली. पोटातला धोका टळला तेव्हा हे सुरू झालं. दिवसा ग्लानी, दिवेलागणीला भीती, भिंतीवर मुंग्या दिसायच्या. आणि मध्येच, अगदी स्वच्छ आवाजात, "मैना."

वॉर्डात एक तरुण डॉक्टरीण होती, शगुफ्ता नावाची, आर्णीचीच. तिनं प्रेरणाला आणि मैनाबाईला बाहेर बाकावर बसवून घेतलं.

"काकू, वेड नाही लागलं काकांना. मोठ्या ऑपरेशननंतर वयस्क माणसांना असा भ्रम होतो. पुष्कळांचा उतरतो. काहींना वेळ लागतो. कोणाकोणाचा थोडा राहून जातो."

"याईले औषध नाही का?" प्रेरणानं विचारलं.

"गोळी देऊन उतरवता येईल असं नाही." डॉक्टरीण बाकाच्या कडेला टेकली. "आपल्या पोटात जंतू राहतात, काकू. सगळे वाईट नसतात, चांगलेही असतात. अन्न पचवायला तेच लागतात. आम्ही जी इंजेक्शनं दिली त्यात वाइटांसोबत चांगलेही मेले. म्हणून तर काकांचं पोट अजून बिघडलेलं आहे. अन् पोटातल्या ह्या जंतूंचा डोक्याशीही संबंध असतो, असं आता शोधात दिसून राह्यलं. किती, कसा, ते पक्कं कोणी नाही सांगत. मीही नाही सांगणार. पण घरी गेल्यावर ताक, दही, आंबवलेलं, पचेल ते देत जा. त्यात नुकसान काही नाही. चालवा, दिवसा जागं ठेवा, चष्मा लावायला द्या."

"आंबील चालते?" मैनाबाईनं विचारलं.

"उत्तम. पातळ, बिनतिखटाची." मग ती उठता उठता म्हणाली, "अन् त्यांनी काही विचारलं तर खरं सांगत जा. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, घरी कोण कोण आहे. हळू सांगा, पण खरं सांगा. माणूस त्यानंच भानावर येतो."

मैनाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"बरे झाले तं पहिल्यावानी होतीन ते?"

"होतील की, काकू. पहिल्यासारखे."

"अगदी पहिल्यावानी?"

डॉक्टरणीला वाटलं म्हातारीला धीर हवा आहे. तिनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगदी."

घरी आणलं त्या दिवशी, पुंडलिकरावांना प्रेरणा आणि जावयानं जीपमधून उतरवायच्या आधी, मैनाबाई पुढे होऊन आत गेली. बैठकीच्या भिंतीवर नयनचा फोटो होता, हार घातलेला. तो तिनं उतरवला आणि ज्वारीच्या कोठीमागे ठेवला. खिळा तसाच राहिला.

मग तिनं ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवलं. आंबील ह्या घरात महालक्ष्म्यांना व्हायची. नयन गेल्यापासून महालक्ष्म्या बसवल्या नव्हत्या, त्यामुळे आंबीलही झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पीठ फुगून वर आलं, घरभर आंबूस वास सुटला. तिनं ते शिजवलं, जिरं घातलं, लसणाची एकच पाकळी ठेचून घातली आणि वाटी निवायला ठेवली. पुंडलिकरावांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

"महालक्ष्म्या आल्या का वं?"

"आल्या," ती म्हणाली.

तेव्हापासून ते बोलत सुटले. ओसरीवर बाज टाकून दिली की पडल्या पडल्या बोलत. लग्नानंतर आर्णीच्या उरुसात तिला पाळण्यात बसवलं आणि तिनं वरून किंकाळी फोडली, ते सांगत. सासऱ्यानं दिलेल्या बैलजोडीतला एक बैल फक्त तिच्याच हातचं खायचा, ते सांगत. तिला सगळं आठवत होतं, तरी ती "हो का?" म्हणून विचारायची, म्हणजे ते आणखी सांगायचे. एकदा तिला इतकं हसू आलं की तिनं तोंडाला पदर लावला, आणि आपलंच हसणं ऐकून ती दचकली.

संध्याकाळी मात्र रोज एकच.

"नयनसाठी भाकर झाकून ठेव. पोट्टा उपाशी येते."

ती भाकर झाकून ठेवायची. सकाळी ती कुस्करून कोंबड्यांना टाकायची.

शकील पाहायला आला. नयनचा शाळेपासूनचा सोबती, आर्णीत पाण्याच्या मोटारी बांधायचं दुकान होतं त्याचं. विहिरीवरची ती पेटी त्यानंच काढून नेली होती आणि दुसरी बसवून दिली होती. तो बाजेच्या कडेला बसला, सफरचंदाची पिशवी मांडीवर.

"शकील्या, नयन दिसला का रे?" पुंडलिकरावांनी विचारलं. "सकाळपासून गायब हाय."

शकीलनं मैनाबाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं काही खूण केली नाही, पण तिचा चेहरा पाहून त्यानं नजर खाली घातली.

"दिसला ना, काका. लोहाऱ्याले गेला. तिकडे कंपनीत काम लागलं त्याले."

"मले नाही सांगतलं त्यानं."

"सांगते म्हणे आल्यावर."

जाताना शकील अंगणात थांबला. पायात चप्पल घालायला त्याला फार वेळ लागला.

"काकू, मले असं नोको विचारू द्या त्याईले," तो म्हणाला. "मायाच्यानं नाही होत." आणि गाडीला किक मारून गेला. त्यानंतर तो आला नाही.

प्रेरणा दर आठवड्याला कळंबहून यायची. तिच्या कानावर हे पडलंच. ती आईला न्हाणीपाशी घेऊन गेली.

"आई, बाबाले खोटं काहून सांगतं तू? डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"मंग काय सांगू?"

"खरं सांग. नयन नाही म्हणून सांग."

"मी सांगू?" मैनाबाई म्हणाली. "पहिल्या बारीले मीच सांगतलं होतं. पळत आली होती वावरातून. आता पुन्हा मीच सांगू त्याईले?"

प्रेरणानं ओसरीकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुले बरं वाटून राह्यलं, आई. मले दिसते ते."

मैनाबाईनं तांब्या उचलला आणि पाय धुवायला लागली. पाय स्वच्छच होते.

पोरगी गेल्यावर ती बराच वेळ कोठीजवळ बसून राहिली. पुंडलिकरावांच्या बोलण्यात आता फरक पडत होता. मुंग्या दिसायच्या बंद झाल्या होत्या. चष्मा कुठं ठेवला ते त्यांना आठवायचं. काल त्यांनी कॅलेंडरकडे पाहून बरोबर वार सांगितला होता आणि विचारलं होतं, "दिवाळी होऊन गेली का वं?" हे आंबिलीनं होतंय की दिवसांनी, तिला माहीत नव्हतं. डॉक्टरणीलाही माहीत नव्हतं. पण हातात आंबिलीची वाटी घेऊन त्यांच्याकडे जाताना तिचे पाय अलीकडे जड पडायचे. एकेक वाटी पोटात जात होती आणि तो माणूस एकेक पायरी चढत तिच्यापासून दूर, त्या जुन्या जागी, निघाला होता.

त्या दिवशी तिनं पीठ भिजवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताक मांजरानं सांडलं, असं तिनं कोणी न विचारता मोठ्यानं सांगितलं. साबुदाण्याची पेज करून दिली, चहा-पाव दिला. कुणाला कळणार होतं?

पुढच्या दोन-तीन दिवसांत पुंडलिकरावांचं पोट पुन्हा बिघडलं. एका दुपारी ती अंगणात वाळवण उलटवत असताना आतून आवाज आला, तान्ह्या पोरासारखा. ती धावत गेली. ते बाजेवर उकिडवे बसले होते, धोतर भरलं होतं, हात भरले होते, आणि ते ते हात अंगापासून लांब धरून रडत होते.

"कोण हाय? बाई, कोण हाय तुमी? मले इथून घरी न्या. माया बायकोले बोलवा."

तिनं त्यांना धरून न्हाणीत नेलं. ते अंग चोरत होते, परक्या बाईसमोर चोरावं तसं. तिनं पाणी ओतलं, पाठ चोळली, बोटं एकेक करून धुतली. "मीच हाय," ती सांगत राहिली. "मीच हाय ना, मैना." त्यांना ते पटत नव्हतं. धुऊन झाल्यावर त्यांनी कोरडं धोतर तिच्या हातून ओढून घेतलं आणि पाठ फिरवली.

संध्याकाळी ते झोपल्यावर तिनं शेजारून ताक मागून आणलं आणि पीठ भिजवलं. कालवताना हात थांबला नाही.

मग एकही दिवस तिनं चुकवला नाही. सकाळी आंबील, दुपारी ताक-भात, संध्याकाळी धरून धरून मारुतीच्या पारापर्यंत चालवत नेणं. पोट बांधलं गेलं. चेहऱ्यावर रंग आला. पुंडलिकराव आता कमी बोलत, पण नेमकं बोलत. तुरीला फुलं कशी आहेत, वेचणीला कोण येतं, विचारत. उरुसाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. एकदा बोलता बोलता मध्येच थांबले आणि तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही विसरलेलं नाव जिभेवर यावं. ती चटकन उठून आत गेली.

एका संध्याकाळी ते भाकर झाकून ठेव म्हणाले नाहीत.

तिनं वाट पाहिली. भांडी घासली, चूल सारवली, उगाच दोनदा ओसरीवर येऊन गेली. ते कुशीवर वळून पडले होते. तिनं तरी भाकर झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती वावरातून आली तेव्हा बैठकीत नयनचा फोटो भिंतीवर होता. कोठीमागून त्यांनीच शोधून काढला असणार. काच पुसलेली होती. वाळलेला हार काढून टाकलेला होता. पुंडलिकराव ओसरीवर पाठमोरे बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, काहीतरी म्हणतील म्हणून. ते रस्त्याकडे पाहत होते. थोड्या वेळानं ते भिंतीला म्हणाले, "पाणी."

तिनं पाणी दिलं.

महिनाअखेर यवतमाळला दाखवायला जायचं होतं. प्रेरणा कळंबहून परस्पर आली. डॉ. शगुफ्तानं पोट तपासलं, टाक्यांची जागा पाहिली, मग खुर्ची पुढे ओढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. महिना कोणता. विसातून तीन गेले, उरले किती. त्यातून आणखी तीन. तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळानं पुन्हा विचारली. पुंडलिकरावांनी सगळं सांगितलं, शाळेत मास्तरसमोर सांगावं तसं.

"घरी कोण कोण असतं, काका?"

"मी." ते थांबले. "अन् हिची आई." त्यांनी प्रेरणाकडे बोट केलं.

"मुलं किती?"

"ही एक. कळंबले दिली."

"अजून?"

पंखा फिरत होता. प्रेरणानं मान फिरवली. पुंडलिकरावांनी आपले दोन्ही हात गुडघ्यांवर सपाट ठेवले.

"पोरगा होता," ते म्हणाले. "गेला. सहा वर्सं झाले."

डॉक्टरणीला ठाऊक होतं, प्रेरणानं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिनं क्षणभर डोळे खाली केले. मग कागदावर काहीतरी लिहून ती मैनाबाईकडे वळली, आणि तिच्या आवाजातला आनंद खराच होता.

"काकू, काका पूर्ण भानावर आले. सगळ्यांचं असं होत नाही. तुम्ही फार केलं."

मैनाबाईनं हात जोडले.

परतीच्या एसटीत पुंडलिकराव खिडकीशी बसले, ती शेजारी. पूर्ण रस्ताभर कापसाची वावरं पांढरी पडलेली होती. वळणावर गाडी कलली की त्यांचा खांदा तिला लागायचा आणि ते तो काढून घ्यायचे. घरी पोचल्यावर प्रेरणाचा फोन आला, तेव्हा त्यांनी सांगितलं, "पोचलो म्हणून सांग तुह्या आईले." आणि मग ती सोबतच आली हे त्यांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्यांनी फोन बंद केला.

सकाळी मैनाबाईनं आंबील केली. आपण ती कशाला करतोय हे तिनं स्वतःला विचारलं नाही. पीठ आंबलेलं होतं, टाकवलं नसतं. वाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि ती नेहमीसारखी उठून आत जायला निघाली.

पुंडलिकरावांनी वाटी हातात घेतली. नुसती धरून बसले. वाफ त्यांच्या चष्म्यावर चढली तरी त्यांनी ती पुसली नाही. मग त्यांनी वाटी परत खाली ठेवली आणि बोटानं पुढे लोटली.

"नोको."

भिंतीकडे पाहून म्हणाले असतील, असं समजून ती वाटी उचलायला वाकली. वर पाहिलं तर ते तिच्याकडे पाहत होते. डोळे लाल होते. रात्रभर झोपले नसावेत.

"तिकडे होता तो," ते म्हणाले. "रोज वाट पाहत होतो मी त्याची. संध्याकाळ झाली का आता येईन, असं वाटे." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "काहून आणलं वं मले वापस?"

मैनाबाई वाटी हातात घेऊन तशीच वाकलेली राहिली. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. पोरीनं सांगितलं होतं. तुमचे हाल पाहवत नव्हते. सगळं खरं होतं. ती हळूहळू खाली बसली, त्यांच्यासमोर, जमिनीवर.

"मी एकलीच होती इकडे," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी भिंतीकडे तोंड वळवलं नाही. उठूनही गेले नाहीत.